बाहुली ७५ ला विकत, १०० ला मोडीत

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी 'हॅबिटॅट' नावाच्या जुन्या ऑनलाइन जगाचा ओझरता उल्लेख केला होता. अमेरिकेत १९८५ साली ते बांधायला घेतलं आणि पडद्यावर बाहुलीच्या रूपाने वावरायची आजची पद्धत तिथून रुळली, एवढंच लिहिलं होतं. पुढचं संपादकांनी जागेअभावी उडवलं. आता तेच उडवलेलं पत्रांतून परत मागवलं जातंय, म्हणून हा अख्खा अंक त्यालाच देते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: ताई, पडद्यावरच्या त्या बाहुलीला 'अवतार' का म्हणतात? शब्द आपला, मग तो तिकडे कुणी नेला?

उत्तर: चिप मॉर्निंगस्टार यांनी. जॉर्ज ल्यूकस यांच्या 'ल्यूकसफिल्म' कंपनीचा खेळ बनवणारा विभाग कॅलिफोर्नियात होता. तिथे मॉर्निंगस्टार या प्रकल्पाचे प्रमुख होते. त्यांचे जोडीदार रँडी फार्मर. प्रोग्रॅमिंगला ॲरिक विल्मंडर आणि जॅनेट हंटर, चित्रं गॅरी विनिक यांची. वेगवेगळ्या घरांतली माणसं फोनच्या तारेतून एकाच गावात उतरणार, तर तिथे त्यांचं जे रूप दिसेल त्याला काय म्हणायचं? मॉर्निंगस्टार यांना संस्कृतातला 'अवतार' आठवला. माणूस इथे, त्याचं रूप खाली दुसऱ्या लोकात. 'अव' आणि 'तॄ', म्हणजे खाली उतरणं. शब्द इतका चपखल बसलाय की त्याबद्दल तक्रार करायला जागाच नाही.

त्याआधी हा शब्द संगणकी खेळांत अगदीच नव्हता असं नाही. काही खेळांच्या नावात किंवा कथेत तो येऊन गेला होता. पण 'बसलेल्या माणसाचं पडद्यावरचं रूप' या रोखठोक अर्थाने त्याला कामाला लावलं हॅबिटॅटने. गंमत एवढीच, की आपल्याकडे 'काय अवतार करून आलायस!' हे विस्कटलेल्या माणसाला म्हणतात, आणि हॅबिटॅटचे अवतार खरोखर तसेच दिसत. जाडजूड रेषा, मोजके रंग आणि धडावर वेगळं बसवलेलं डोकं. हे डोकं काढून दुसरं लावता येई. दुकानात डोकी विकत मिळत, लोक ती जमवत. रंगाचा फवारा विकत घेऊन अंगावर नक्षी उठवायची सोय होती.

प्रश्न: त्या काळी इंटरनेट घरोघरी नव्हतं, संगणकाची स्मृती ६४ केबी. एवढ्यात अख्खं गाव कसं मावलं? आमच्या सरांनी 'अशक्य आहे' म्हणून विषय संपवला.

उत्तर: सरांना माझा नमस्कार सांगा आणि हे गणित दाखवा.

घरचं यंत्र होतं कमोडोर ६४. ते टेलिफोनला जोडायचा मोडेम ३०० बॉडचा. नशीब जोरावर असलं तर १२००. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. कमोडोरचा पडदा आडवा ३२० आणि उभा २०० ठिपक्यांचा. त्याचं नुसतं काळं-पांढरं चित्र धरलं तरी ८,००० बाइट, म्हणजे ८,००० अक्षरांएवढा ऐवज. भागा ३० ने. साडेचार मिनिटांच्या आसपास येईल. दार उघडून पुढच्या खोलीत पाऊल टाकलं की साडेचार मिनिटं थांबायचं, तेही रंगांशिवाय. त्या हिशेबाने सरांचं बरोबरच आहे.

म्हणून त्यांनी चित्र पाठवलंच नाही. चित्रं सगळी घरच्या फ्लॉपीवर: झाड, दार, पेटी, बंदूक, टोपी. तारेतून जायची ती फक्त बातमी. 'अमुक क्रमांकाचं दार, अमुक जागी, आता उघडं.' पाच-दहा बाइटांचा मामला. कमोडोरने ती बातमी वाचायची, फ्लॉपीवरून दाराचं चित्र काढायचं आणि मांडायचं. तुम्ही काही टाइप केलंत की तेवढीच अक्षरं वर जात, तिथून त्याच जागेत उभ्या असलेल्या बाकीच्यांच्या घरी उतरत, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर वरच्या बाजूला चित्रकथेत असतो तसा बोलण्याचा फुगा उमटे.

'वर' म्हणजे कुठे? क्वांटम कॉम्प्युटर सर्व्हिसेस नावाची कंपनी व्हर्जिनियात होती. कमोडोरवाल्यांसाठी तिने नोव्हेंबर १९८५ मध्ये 'क्वांटम लिंक' ही सेवा सुरू केली होती. लोक तिला क्यू-लिंक म्हणत. सेवा संध्याकाळपासून सकाळपर्यंत आणि शनिवार-रविवारी चालायची. महिन्याला ९.९५ डॉलर, आणि काही खास विभागांत शिरलं की मिनिटामागे आधी ६ आणि पुढे ८ सेंट वेगळे. हॅबिटॅटचं खरं जग तिच्या स्ट्रॅटस नावाच्या मोठ्या संगणकावर नांदत होतं. कुठली वस्तू कुठे आहे, कुणाच्या खिशात किती पैसे आहेत, कोण मेलं, या सगळ्याची मूळ वही तिथे. घरच्या कमोडोरला वाटलं म्हणून काही बदलत नसे. घरचं यंत्र पूर्णपणे गिऱ्हाइकाच्या ताब्यात, त्यातला प्रोग्रॅम तो उसवू शकतो, तेव्हा त्याच्या शब्दावर विसंबायचं नाही, हे या मंडळींनी नीट ओळखलं होतं. (आजही दर सहा महिन्यांनी कुठली ना कुठली कंपनी हे विसरते आणि मग निवेदन काढते.)

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. चित्र नाही, वस्तू पाठवायची असं ठरलं की त्या वस्तूचा अर्थ आणि तिचं दिसणं सुटं होतं. वरच्या वहीत फक्त 'झाड' असतं. ते कसं दिसावं हे घरच्या यंत्राने त्याच्या ऐपतीप्रमाणे ठरवायचं. उद्या चांगलं यंत्र आलं तर झाड चांगलं दिसेल, गाव तेच राहील. ही अक्कल त्यांना तारेच्या दारिद्र्याने दिली. तार जाड असती तर त्यांनीही सरळ चित्रं ढकलली असती.

प्रश्न: जगातलं पहिलं ऑनलाइन जग ते हेच का?

उत्तर: नाही. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये 'मड' सुरू केलं. ते सगळं अक्षरी. 'तू एका अरुंद वाटेवर उभा आहेस' असं वाचायचं आणि 'उत्तरेला' असं टाइप करायचं. हॅबिटॅटचं वेगळेपण हे, की ते डोळ्यांना दिसणारं होतं, आणि विद्यापीठातल्या मोजक्या पोरांसाठी नव्हे तर घरी स्वस्त संगणक घेतलेल्या हजारो माणसांसाठी आखलं होतं. 'पहिलं' या शब्दावरून भांडणाऱ्यांनी मला पत्रं पाठवू नयेत. गेल्या वर्षी पहिल्या संगणकावरून पाठवलीत तेवढी पुरेत.

प्रश्न: तिथे पैसे होते का? आमचा मुलगा खेळात 'नाणी' जमवतो आणि कुठल्याशा युक्तीने ती वाढवतो. असल्या युक्त्या तेव्हाही होत्या का?

उत्तर: होत्या, आणि त्यातली एक माझ्या तोंडपाठ आहे.

हॅबिटॅटचं चलन 'टोकन'. नवा अवतार जन्मला की त्याच्या खात्यात २,००० टोकन, आणि पुढे ज्या ज्या दिवशी तो हजेरी लावेल त्या त्या दिवशी १००. खर्च करायला गावभर विक्रीची यंत्रं उभी. त्यांना 'व्हेंड्रॉइड' म्हणत. नको झालेली वस्तू मोडीत घालायला वेगळी यंत्रं. सगळीकडे एकच भाव असला तर गावाला चव काय, म्हणून प्रत्येक व्हेंड्रॉइडला आपला आपला भाव दिला होता. इथे दोन टोकन कमी, तिथे चार जास्त. कल्पना चांगली. पण गावाच्या दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या दोन यंत्रांवर दोन वस्तूंचे भाव चुकून मोडीच्या भावापेक्षा खाली पडले. बाहुली ७५ ला विकत आणि १०० ला मोडीत. काचेचा भविष्य सांगणारा गोळा १८,००० ला विकत आणि ३०,००० ला मोडीत.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेन्सिल घेऊन बसले. २,००० टोकनांत २६ बाहुल्या येतात, ५० उरतात. त्या मोडल्या की २,६५०. दुसऱ्या फेरीत ३५ बाहुल्या, ३,५२५. मग ४,७००, ६,२५०, ८,३२५, ११,१००, १४,८००. आठव्या फेरीला १९,७२५. म्हणजे कागदावर आठ फेऱ्यांत गोळा घेण्याइतकी रक्कम उभी, आणि तिथून पुढे एका गोळ्यामागे १२,००० चा नफा. प्रत्यक्षात हातात आणि पिशवीत मावतील तेवढ्याच वस्तू न्यायच्या, वर दुकानं गावाच्या दोन टोकांना. त्यामुळे ज्या दोघा-तिघांना हे सापडलं ते रात्रीचे कित्येक तास एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत खेपा घालत होते. डोळ्यांसमोर आणा: चौकोनी नाकाची माणसं, रात्रभर, काखेत बाहुल्या.

सकाळी रोजचा अहवाल निघाला. गावातला एकूण पैसा एका रात्रीत पाचपट झाला होता.

बनवणाऱ्यांना आधी वाटलं, अहवालच चुकला. मग किमान तीन अवतारांकडे लाखांच्या घरात टोकन सापडले. विचारलं तर उत्तर आलं की आम्ही हे सरळ मार्गाने मिळवलंय आणि कसं ते सांगणार नाही. बऱ्याच काकुळतीनंतर त्यांनी तोंड उघडलं आणि भाव दुरुस्त झाले. पैसे मात्र काढून घेतले नाहीत. आणि या तिघांनी ते काय केले? स्वतःच्या खर्चाने गावासाठी गुप्तधन शोधायचे खेळ भरवले. चोर म्हणावं तर त्यांनी यंत्राने सांगितलेल्या भावानेच व्यवहार केला होता.

हे मला तोंडपाठ का, तर मीही एकदा अशीच बाहुली विकली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कंपनीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम माझ्याकडे होता. माल रिकाम्या पिंपांसकट जायचा आणि पिंप परत आलं की पैसे वळते व्हायचे. पिंपाची किंमत एका तक्त्यात, परतीचा दर दुसऱ्या तक्त्यात, आणि ते भरणारी माणसं दोन. एका मापाच्या पिंपाचा परतीचा दर मूळ किमतीहून जास्त पडला, आणि दोन तक्ते ताडून बघणारी ओळ मी लिहिलेली नव्हती. गोदामातल्या एका भल्या कारकुनाने आपण होऊन येऊन सांगितलं, म्हणून वाचले. तेव्हापासून कुणी 'भाव जरा वेगवेगळे ठेवू, मजा येईल' म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. काचेचाच.

प्रश्न: बनवणाऱ्यांनी सगळं आधी आखून ठेवलं होतं की लोक जसे वागले तसं घडत गेलं?

उत्तर: आखलं होतं. आणि त्या आखणीचं काय झालं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मे १९९० मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सायबरस्पेसवर पहिली परिषद भरली. तिथे मॉर्निंगस्टार आणि फार्मर यांनी हॅबिटॅटपासून मिळालेल्या धड्यांवर निबंध वाचला. स्वतःच्या फजितीचा इतका निर्मळ हिशेब मी आमच्या धंद्यात क्वचित पाहिलाय.

पहिली अडचण आकड्याची. त्यांना २०,००० अवतारांचं जग बनवायला सांगितलं होतं, पुढेमागे ५०,००० पर्यंत. कागदावर लिहायला सोपं. पण २०,००० माणसांना २०,००० घरं लागतात, त्यांना जोडणारे रस्ते लागतात, बाजार लागतो, करमणुकीच्या जागा लागतात, आणि प्रत्येक जागा दुसरीसारखी दिसता कामा नये. हाताने एकेक मांडायची तर जन्म पुरणार नाही. मग घरं पाडणारे साचे आणि प्रोग्रॅम आले. त्या गावाचं नाव 'पॉप्युलोपोलिस'.

दुसरी अडचण त्याहून गमतीची. एका साहसाची त्यांनी फार मोठी तयारी केली. बेटाचं नाव 'द्नाल्सी', म्हणजे इंग्रजीतला बेट हा शब्द उलटा. शंभर पडदे भरतील एवढं बेट. बनवायला कित्येक आठवडे, सोंगं वठवणाऱ्यांची जुळवाजुळव करायला आणखी काही दिवस. लोक कितीतरी दिवस त्यात रमतील अशी अपेक्षा होती. एकाने कळीचा दुवा पहिल्या १५ मिनिटांत ओळखला आणि आठेक तासांत कोडं सोडवून टाकलं. बऱ्याच जणांना अजून दारातून आत यायलाही फुरसत मिळाली नव्हती.

यानंतर त्यांनी लगाम सैल सोडला. लोकांना काय करायचंय ते बघायचं आणि त्याला लागेल ती सोय पुरवायची. म्हणजे सुरुवातीला सृष्टिकर्ते होते ते हळूहळू नळ-दिवाबत्ती बघणारे झाले. माझ्या मते हॅबिटॅटमधली खरी कारागिरी इथून पुढची आहे. गावाचं साप्ताहिक निघालं, 'द रँट'. ते एका रहिवाशाने अक्षरशः राबून चालवलं. लग्नं लागली. निबंधात त्यांनी स्पष्टच म्हटलंय की अशा जगाचा कणा त्यातलं तंत्र नाही, त्यातल्या माणसांचे आपसातले व्यवहार आहेत. असं वाक्य आज कुणीही भाषणात फेकतो. त्यांनी ते शंभर पडदे वाया घालवून कमावलं होतं.

प्रश्न: खून, चोऱ्या होत होत्या का? आणि पोलीस?

उत्तर: होत होत्या. हातात धरलेली वस्तू जरा खाली ठेवली की शेजारचा उचलून पसार. शस्त्रं होती, आणि ती माणसावर चालत. अवतार मेला म्हणजे कायमचा संपला असं नाही. हातातली वस्तू जागेवर पडायची, खिसे रिकामे व्हायचे आणि तो आपल्या घरी जाऊन उभा राहायचा, स्वतःचं डोकं हातात धरून. पण कमावलेलं गेलं ते गेलं. काही टगे नुसते रस्त्यात उभे राहून दिसेल त्याला गोळ्या घालू लागले.

बनवणाऱ्यांनी चटकन नियम बदलला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यांनी उलट गावाला विचारलं: इथला खून हा गुन्हा की खेळाचाच भाग? कौल निम्मा-निम्मा पडला. शेवटी गावात शस्त्रं चालणार नाहीत आणि वेशीबाहेरच्या रानात चालतील, असा तोडगा निघाला. प्रत्यक्ष आयुष्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मगुरू असलेल्या एका रहिवाशाने तिथे 'पवित्र अक्रोडाचा पंथ' काढला. त्याच्या शिष्यांनी शस्त्र बाळगायचं नाही, चोरी करायची नाही. गावाने शेरीफही निवडून दिला. मग त्याला अधिकार कोणते द्यायचे यावर वाद सुरू झाला. आधी माणूस निवडायचा आणि मग त्याचं काम ठरवायचं, हे वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

पण बंदुकीची गोष्ट सांगितल्याशिवाय हा प्रश्न सोडवत नाही. एका भुयारात दोन राखणदार ठेवले होते, 'मृत्यू' आणि 'सावली'. त्यांच्या आत कंपनीची माणसं बसलेली. मृत्यूच्या हातात एका गोळीत माणूस आडवा करणारी खास बंदूक. ती रहिवाशांच्या हाती पडायची नव्हती. एकदा मृत्यूचं सोंग आधी घेतलेल्या गड्याने मारामारीत जखमी झालेला अवतार बरा न करता तसाच सोडला, पुढचा गडी त्यात शिरला, आणि खेळाडूंनी मृत्यूला ठार केलं. नियमाप्रमाणे हातातली वस्तू खाली पडली. एका खेळाडूने उचलली.

आता? मूळ वहीत एक ओळ बदलली की बंदूक परत. आदल्या रात्रीही अशीच बंदूक गेली होती, आणि तेव्हा कंपनीच्या माणसाने खातं बंद करायची धमकी देऊन ती परत घेतली होती; त्यावरून लोक नाराज झाले. या खेळाडूनेही ती जगाच्या नियमांत राहूनच जिंकली होती. मग दुसरा मार्ग काढला. १०,००० टोकनांची खंडणी ठरली आणि देवाणघेवाण चारचौघांत, नाट्यप्रयोगासारखी झाली. गावाला फुकटचा तमाशा मिळाला आणि जगाचा नियमही मोडला नाही. देवानेसुद्धा दुकानात गेल्यावर पैसे मोजायचे, असं काहीसं. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत या बंदुकीवर एक प्रकरण असायला हवं.

प्रश्न: एवढं चांगलं होतं तर बंद का पडलं?

उत्तर: हॅबिटॅट म्हणून ते चाचणीपलीकडे कधी गेलंच नाही. १९८६ ते १९८८ चाचणी चालली, आणि जानेवारी १९८८ मध्ये त्याचीच आटोपशीर आवृत्ती 'क्लब कॅरिब' या नावाने क्यू-लिंकवर सर्वांसाठी खुली झाली. जपानमध्ये फुजित्सूने परवाना घेऊन १९९० मध्ये आपल्या एफएम टाउन्स संगणकावर 'फुजित्सू हॅबिटॅट' आणलं. तिथे वस्तू त्याच, चित्रं कितीतरी देखणी. वर म्हटलं त्या सुट्या अर्थाचा फायदा तो हाच. १९९५ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या दुसऱ्या ऑनलाइन सेवेवर 'वर्ल्ड्सअवे' आलं, तेही याच घराण्यातलं. क्वांटमने १९९१ मध्ये नाव बदलून 'अमेरिका ऑनलाइन' केलं आणि क्यू-लिंक १९९४ मध्ये मिटली. तोवर कमोडोर ६४ चे दिवसही भरले होते.

माणसं मात्र कामात राहिली. मॉर्निंगस्टार आणि डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे जेसॉन या, प्रोग्रॅमांनी एकमेकांना माहिती पाठवायच्या मांडणीचा पहिला संदेश एप्रिल २००१ मध्ये मॉर्निंगस्टार यांच्या गॅरेजमधून पाठवला. आज तुमच्या मोबाइलवरचं जवळपास प्रत्येक ॲप त्याच मांडणीत बोलतं. मला यात तारेतून जाणारी ती पाच-दहा बाइटांची बातमी दिसते, पण हा माझा तर्क झाला. त्याच २००१ साली खेळ बनवणाऱ्यांनी मॉर्निंगस्टार आणि फार्मर या जोडीला 'फर्स्ट पेंग्विन' पुरस्कार दिला. गार पाण्यात सर्वांत आधी उडी मारणाऱ्याला द्यायचा तो.

प्रश्न: आज ते बघायला मिळेल का? (हे विचारणारी पत्रं ११.)

उत्तर: मिळेल. ओकलंडमधल्या 'म्युझियम ऑफ आर्ट अँड डिजिटल एंटरटेनमेंट' या संग्रहालयाने जुना स्रोत, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, वाचवायचं काम हाती घेतलं आणि २०१६ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. फार्मर आणि स्वयंसेवकांनी त्यावर 'निओहॅबिटॅट' उभं केलं. कमोडोरचं सोंग वठवणारा 'व्हाइस' नावाचा फुकट प्रोग्रॅम आजच्या संगणकावर टाकायचा, आणि त्यात आत जायचं.

जुना स्रोत मी आधी वाचला, आत नंतर शिरले. स्ट्रॅटसवरचा भाग पीएल/वन भाषेत आहे. माझी उमेदीची वर्षं त्याच भाषेत गेली, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटचा अर्धविराम बघून माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कमोडोरचा भाग ६५०२ या चिपच्या असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत आहे. तो वाचायला बसाल तर चहाचा थर्मास जवळ ठेवा.

आत शिरल्यावर घाई करू नका. यंत्र मधेच डिस्क बदलायला सांगतं. ती खोटी डिस्कही खऱ्यासारखीच बदलावी लागते, आणि चित्रं सावकाश उमटतात. जॉयस्टिकने बाण न्यायचा, बटण दाबून धरायचं, मग जा, घे, ठेव, कर यांतलं एक निवडायचं. पहिल्या रात्री मी गेले तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. एका भिंतीशी व्हेंड्रॉइड दिसलं. मी त्याच्याकडे चालत गेले, भाव बघितले, आणि मोडीचं यंत्र कुठे आहे ते शोधायला निघाले.